रेघेआधीचे काम

१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच केले होते. एक रुपेरी, त्यावर लालभडक उठावाच्या पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. अंडरफ्रेम विलायतेत घडल्या आणि वरची बॉडी माटुंग्याच्या वर्कशॉपात चढली.

यातला निळा संच एचओ मापात, म्हणजे १:८७ ला करायला घेतला, तर निळा रंग हे एका संध्याकाळचे काम. स्प्रे चांगला असेल तर त्यात बिघडण्यासारखेही फारसे नसते. पण त्या टप्प्यावर हातात असतो तो फक्त निळा खोका. रेघ पडली की खिडक्यांची रांग एका ओळीत दिसू लागते, डब्याची लांबी नजरेला कळते आणि दाराशी माणूस केवढा दिसेल याचा अंदाज येतो. हीच रेघ मिलिमीटरभर जाड झाली की सगळे उलटे होते. एचओमधला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावर जवळजवळ साडेतीन इंचांचा पट्टा. अशी रेघ कोणत्याही रेल्वेने कधी ओढली नसेल. पाहणाऱ्याला हे गणित माहीत नसते, पण डबा खेळण्यातला आहे हे त्याला पहिल्या नजरेत समजते.

या पुस्तकाचा विषय ती रेघ आणि तिच्या शेजारची अक्षरे आहेत. साधने दोनच, शाई आणि बारीक पेन. ब्रशने लायनिंग करणारे कसबी लोक आहेत आणि तयार ट्रान्सफर चिकटवणारेही आहेत. दोन्ही मार्ग चांगले आहेत, पण ते इथे नाहीत. माझे मुख्य म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मॉडेल करणारे एकत्र जमले की पेनांची चर्चा रंगते: कोणत्या कंपनीचे, किती नंबरचे, कुठे मिळाले. रेघ मात्र बहुतेक वेळा पेन टेकण्याच्या आधीच बिघडलेली असते. ज्या थरावर ती काढायची, त्या थराने तिचा निकाल लावलेला असतो. म्हणून पेनांवरची प्रकरणे मी छोटी ठेवली आहेत आणि रंगाच्या थरावरची मोठी.

आधी थोडा हिशेब. खऱ्या गाडीवर अर्ध्या इंचाची रेघ आहे असे धरू. ब्रिटनमध्ये रुळलेल्या ओओ मापात, म्हणजे १:७६.२ ला, ती ०.१७ मिलिमीटरची होते. एचओत ०.१५ आणि १:१६० च्या एन मापात ०.०८ मिलिमीटर. अभियांत्रिकी रेखाटनाच्या पेनांची ठरलेली मापे ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५ अशी चढत जातात. प्रत्येक माप आधीच्याच्या साधारण १.४ पट असते. म्हणजे ओओ आणि एचओ मापांत खरी रेघ पेनाच्या आवाक्यात आहे, जेमतेम का होईना. एनमध्ये ती पेनाने निघत नाही. तिथे सुचवणे एवढेच हातात राहते.

पण फूटपट्टीचा हिशेब संपला की डोळ्यांचा सुरू होतो. चांगल्या नजरेला ३० सेंटिमीटरवरून दोन रेघा वेगळ्या दिसायला त्यांच्यात सुमारे ०.०९ मिलिमीटरचे अंतर लागते. त्याहून जवळ आल्या की त्या एक होतात. तेवढ्याच अंतरावरून एचओ डबा पाहणे म्हणजे खरा डबा २६ मीटरवरून पाहणे, म्हणजे दोन-तीन रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावरून पाहण्यासारखे. तिथून अर्ध्या इंचाची रेघ दिसते, पण तिचा रंग आजूबाजूच्या रंगात थोडा विरलेला असतो. म्हणून मॉडेलवरची पांढरी रेघ शुद्ध पांढऱ्या शाईने काढू नये, ती डोळ्यांत खुपते. साय किंवा फिकट राखाडी रंगाकडे झुकलेला पांढरा घ्यावा. काळ्यातही थोडा राखाडी मिसळावा. मापाने बरोबर असलेली रेघ रंगाने चूक असू शकते, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो.

लायनिंगचा हा सोस मूळचा ब्रिटिश. १९२३ मध्ये तिथल्या शंभरावर रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. त्याआधी प्रत्येक कंपनीला आपला रंग आणि आपली रेघ होती. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची इंजिने काळी असत आणि त्यांवर लाल, साय आणि राखाडी रेघा असत. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने आपल्या काळ्या इंजिनांसाठी जवळजवळ हीच पद्धत उचलली. ग्रेट वेस्टर्नच्या हिरव्यावर नारिंगी-काळी-नारिंगी तिहेरी रेघ. ब्राइटनच्या कंपनीत विल्यम स्ट्राउडली नावाचा इंजिनिअर होता. त्याने आपल्या इंजिनांच्या रंगाला ‘सुधारित इंजिन ग्रीन’ म्हटले, पण तो रंग हिरवा नव्हता, चक्क सोनेरी पिवळा होता. त्याला गडद ऑलिव्ह रंगाची किनार आणि तिच्या आत काळ्या, लाल, पांढऱ्या रेघा. १८८२ चे ‘ग्लॅडस्टन’ इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात याच वेषात आहे. मॉडेल करणाऱ्याने आपली सहनशक्ती अजमावायची असेल तर ते करून पाहावे. पहिल्या प्रयत्नासाठी मात्र नाही.

खऱ्या इंजिनांवरच्या या रेघा कारखान्यातले कारागीर लांब केसांच्या ब्रशने हाताने ओढत. लहान गाड्यांवर तेवढा वेळ घालवणे परवडणारे नव्हते. फ्रँक हॉर्नबीच्या लिव्हरपूलच्या कारखान्यातून १९२० पासून पत्र्याच्या गाड्या निघू लागल्या आणि त्या काळच्या अशा गाड्यांवर रेघा लिथोग्राफीने पत्र्यावर छापून येत. आजच्या कारखान्यात कोरलेल्या पाटीत शाई भरतात. सिलिकॉनचा मऊ गोळा ती शाई उचलतो आणि बॉयलरच्या गोलाईवर दाबतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पेनाने आणि शाईने केलेले काम म्हणजे पळवाट, खरा कारागीर ब्रशच धरणार, असे बोलणारे लोक भेटतात. दुकानातून आणलेल्या ज्या मॉडेलचे ते कौतुक करतात, त्याच्या अंगावर शाईच असते.

आता पेने. रुलिंग पेन आजच्या पिढीने पाहिलेले नसेल. कंपासपेटीत असे, पण वापरायची पाळी थोड्यांवर येई. दोन पोलादी पाती, त्यांच्यात एक स्क्रू. स्क्रू फिरवला की पात्यांमधली फट कमी-जास्त होते आणि रेघेची जाडी ठरते. शाईत ते बुडवायचे नसते. ब्रशने किंवा ड्रॉपरने फटीत थेंब सोडायचा आणि बाहेरून पाती कोरडी पुसायची. थेंब तिथे टिकतो तो पृष्ठताणामुळे, आणि टोकाशी फट निमुळती असल्यामुळे शाई आपसूक टोकाकडे ओढली जाते. हे पेन दाबायचे नसते, नुसते टेकवून न्यायचे असते. दाबले तर पाती मिटतात आणि रेघ बारीक होत होत तुटते. पातीची टोके झिजून चपटी झाली की रेघ फाटते. तेव्हा स्क्रू मिटवून ती तेलाच्या दगडावर पुन्हा गोल करावी लागतात. हे काम जमले की जुन्या बाजारातले गंजके रुलिंग पेनही चांगली रेघ देते, आणि या छंदात तेवढा स्वस्त सौदा दुसरा नाही. त्याची खरी मोठी गोष्ट अशी की ते शाई निवडून घेत नाही. अॅक्रिलिक शाई, पातळ केलेला इनॅमल, रंगाची पूड घातलेली घट्ट शाई, सगळे त्यातून उतरते.

नळीच्या पेनाचे तसे नाही. हॅम्बुर्गच्या रोट्रिंगने १९५३ मध्ये रॅपिडोग्राफ आणला आणि आपल्याकडे पॉलिटेक्निकमधल्या कित्येक पिढ्यांनी त्या लाल कड्याच्या पेनाने ट्रेसिंगवर रात्री काढल्या. बारीक नळी, आत त्याहून बारीक तार. तार खालीवर हलते आणि वाट मोकळी ठेवते. हे पेन काटकोनात, सरळ उभे धरावे लागते. म्हणून डब्याची बाजू आडवी ठेवूनच काम करायचे. काळी शाई त्यातून झकास उतरते, कारण कार्बनचे कण अतिशय बारीक असतात. पांढरी, पिवळी शाई मात्र अडते. त्या रंगांचे कण जड असतात, तळाशी बसतात आणि ०.१८ ची नळी एकदा बुजली की ती साफ करणे म्हणजे शिक्षा. खरखरीत थरावर पोलादी टोक झिजतेही लवकर. प्लास्टिकच्या ड्राफ्टिंग फिल्मसाठी कठीण टोकाची वेगळी पेने निघाली, ती याच कारणाने.

बाजारात आज सहज मिळतात ती पिगमेंट शाईची फायबर टोकाची पेने. जपानच्या साकुरा कंपनीच्या पिग्मा मायक्रॉनवर ००५ असे लिहिलेले असते, त्याची रेघ ०.२० मिलिमीटरची असते. नंबर आणि माप यांची गल्लत करू नये. ही पेने डब्यांच्या दारांच्या फटी, फळ्यांचे सांधे, पॅनेलच्या कडांची सावली यांसाठी उत्तम. शाई जलरोधक असते, पण ती हमी कागदापुरती. कागदाच्या तंतूंत शाई अडकते म्हणून ती पाण्याने निघत नाही. प्लास्टिकवर अडकायला तंतूच नसतात, त्यामुळे बोट फिरले तर दुसऱ्या दिवशीही पुसली जाते. जेल पेनांबद्दल मी पुढे एक प्रकरण लिहिले आहे, पण ते मन लावून नाही. त्यातली गोळी फिरायला घर्षण लागते, गुळगुळीत रंगावर ती घसरते आणि रेघ मध्येच कोरडी जाते.

शाईचे म्हणाल तर आपल्याला लांब जायची गरज नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये गिरगावात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. त्यांच्या ड्रॉइंग इंकची छोटी बाटली स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि काळ्या रेघेसाठी मला तिच्याविषयी तक्रार नाही. रंगीत रेघांसाठी मात्र अॅक्रिलिक शाई घ्यावी आणि बाटलीवर ती अपारदर्शक असल्याचे लिहिले आहे ना, ते पाहावे. डायपासून केलेल्या रंगीत शाया कागदावर सुंदर दिसतात. गडद निळ्यावर त्या दिसतच नाहीत, आणि वर वॉर्निश चढले की लाल रंग हातपाय पसरतो.

आता जिथे सगळे ठरते तिथे येऊ. चकचकीत इनॅमलवर पाण्याच्या शाईची रेघ ओढा. पेन पुढे जाते आणि मागे रेघ आक्रसून मण्यांची माळ होते. अळवावरचे पाणी ते हेच. पाण्याचा पृष्ठताण टर्पेंटाइनसारख्या द्रवाच्या अडीच-तीनपट असतो आणि तेलकट, गुळगुळीत थराला चिकटण्यापेक्षा त्याला स्वतःशी गोळा होणे सोयीचे पडते. त्यात बोटांचा तेलकटपणा मिसळला की एकाच रेघेत चार इंच चांगले आणि अर्धा इंच फाटलेले असे होते. त्या अर्ध्या इंचावर कालचा अंगठा असतो. आता उलट टोक. मॅट रंगाचा थर सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो, म्हणून तर तो चमकत नाही. त्या खाचांतून शाई केशाकर्षणाने बाजूला सरकते आणि रेघेला केस फुटतात. ०.१५ ची रेघ बघता बघता ०.३ होते. दोष पेनाला दिला जातो.

मधला थर हवा. अर्धचमकीचे, ज्याला सॅटिन म्हणतात ते वॉर्निश द्यावे आणि ते पुरते वाळू द्यावे. इनॅमल हाताला कोरडा लागतो तेव्हा आतून मऊच असतो. तो हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू कडक होतो आणि घाई केली तर पाती त्यात चर पाडतात. मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून अगदी हलका फिरवावा, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने धुवावे, आणि नंतर डबा फक्त टोकांना धरावा. एवढ्याने बहुतेक शाया नीट बसतात. जुन्या ड्रॉइंग ऑफिसात मेण चढवल्यासारखा गुळगुळीत ट्रेसिंग क्लॉथ असे. शाई धरावी म्हणून ड्राफ्ट्समन त्यावर आधी खडूची बारीक पूड चोळून झटकत. रंगाच्या थरावरही ही युक्ती चालते, फक्त पूड पूर्ण झटकली पाहिजे. जलरंगवाले शाईत बैलाच्या पित्ताचा अर्क घालतात, तोही पृष्ठताण कमी करण्यासाठीच. ज्यांना हे वाचून कसेसे झाले त्यांनी साबणाच्या पाण्यावर भागवावे, काम तेच होते.

इथे उलटी बाजूही नोंदवतो. रुलिंग पेनात पातळ केलेला इनॅमल भरणार असाल तर पूर्ण चकचकीत थरच चांगला. तो द्रव पसरायला मुळातच उत्सुक असतो, त्याला आवर हवा. थर आणि शाई यांची जोडी असते, दोन्ही सुटे सुटे चांगले असून भागत नाही.

डेक्कन क्वीनची सोनेरी रेघ हा या सगळ्याचा कस. सोनेरी शाईत धातूची भुकटी असते. ती नळीच्या पेनात जात नाही, रुलिंग पेनात जाते पण दर दोन रेघांनी तळाशी बसते. शिवाय तिचे कण खऱ्या मापाचे असतात, १:८७ चे नसतात. दीड दशांश मिलिमीटरच्या रेघेत ते चमचमणाऱ्या वाळूसारखे दिसतात आणि दिव्याखाली रेघ तुटक भासते. माझे मत स्पष्ट आहे: सोने पिवळ्यानेच काढावे. पिवळ्या मातीच्या रंगात साय मिसळावी, तपकिरीची छटा द्यावी. हातभर अंतरावरून निळ्यावर ते सोनेच दिसते. आधी साय रंगाची रेघ काढून ती वाळल्यावर तिच्याच अंगावर पिवळी ओढली तर खालचा निळा वर डोकावत नाही. रुपेरी संचाचे काम निराळे. तिथे लाल रंग उठावाच्या पट्ट्यांवर आहे, म्हणून पट्टी न वापरता निबेची बाजू त्या उठावावरूनच न्यायची असते. सोपे वाटते. उठावाची कड कुठे बोथट असेल तर शाई लगेच खाली ओघळते.

तिहेरी रेघेची युक्ती मात्र सांगायलाच हवी. नारिंगी-काळी-नारिंगी अशा तीन रेघा शेजारी शेजारी ओढायला जाऊ नये, मधली अंतरे कधीच सारखी येत नाहीत. आधी नारिंगीचा एकच रुंद पट्टा ओढावा आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध काळी रेघ न्यावी. काळी शाई सर्वांत अपारदर्शक असते, तिचा फायदा घ्यावा. उरतात त्या दोन बारीक नारिंगी कडा. त्याही जाड वाटल्या तर बाहेरून डब्याच्या मूळ रंगाने कापून आत घ्याव्यात. व्यावसायिक लोकांच्या केसासारख्या रेघा बऱ्याचदा अशा उलट्या बाजूने बारीक केलेल्या असतात. आणि पॅनेलचे कोपरे आधी, सरळ रेघा नंतर. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या वर्षात शाईकामाचा हाच नियम होता. वक्र काढून झाला की सरळ रेघ त्याला नेऊन भिडवता येते, सरळ रेघेला वक्र भिडवणे दैवावर सोडावे लागते.

अक्षरांपाशी आपला मार्ग ब्रिटिश पुस्तकांपासून वेगळा होतो. तिथल्या कंपन्यांच्या अक्षरांची तयार ट्रान्सफर वर्षानुवर्षे मिळत आली आहेत. देवनागरी सहज मिळत नाही. घरी छापावी म्हटले तर घरचा इंकजेट पांढरी शाई छापतच नाही, पांढऱ्या जागी तो कागद कोरा सोडतो. गडद डब्यावर फिकट अक्षरे हवी असतील तर पेन उचलण्यावाचून गत्यंतर नाही. खऱ्या डब्यावर १५० मिलिमीटर उंच अक्षर एचओत १.७ मिलिमीटरचे होते. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९६१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या विजेच्या इंजिनाला ‘लोकमान्य’ नाव दिले होते. ते नाव देवनागरीत या उंचीत बसवायला घ्या. वर ओकाराची मात्रा, मध्ये ‘क’चा फुगा, शेवटी ‘न्य’चे जोडाक्षर. ०.१५ च्या रेघेने प्रत्येक गाठ काढली तर ‘क’चे पोट शाईने भरून जाते.

शाळेत आपण अक्षरे आधी लिहितो आणि डोक्यावर रेघ शेवटी देतो. इथे शिरोरेखा आधी, रुलिंग पेनाने, पट्टीला धरून, सगळ्या नावाची एकसंध. मग तिला दंड टांगायचे, तेही समांतर. एवढ्यानेच वाचणाऱ्याचा डोळा देवनागरी ओळखतो. त्यानंतर टाकाच्या बारीक, लवचीक निबेने पोटे आणि गाठी, जेवढ्या बसतील तेवढ्याच. जिथे बुजण्याची भीती आहे तिथे वळण उघडे ठेवावे. शेवटी डब्याच्या रंगात ब्रशचे टोक बुडवून आतल्या मोकळ्या जागा पुन्हा कोरून घ्याव्यात. वाचता येते ते पांढऱ्या शाईमुळे जेवढे, तेवढेच या निळ्या जागांमुळे. रोमन अक्षरांना शिरोरेखेचा आधार नाही, ती सुटी सुटी उभी असतात आणि एखादे डुगडुगले की सगळी ओळ हलते. या मापात देवनागरी अवघड असते असा समज आहे. मला तरी ती थोडी सोपीच वाटते.

हवामानाचे प्रकरण वाचून ठेवावे. मे महिन्यात पुण्यात किंवा विदर्भात पेनाच्या टोकावर शाई ओढण्याआधीच वाळते. वाळण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर थेंबभर घालावा आणि टोक मधूनमधून ओल्या फडक्याला लावत राहावे. जुलैत कोकणात उलटे संकट. रेघ नीट निघते, पण वर स्प्रेचे वॉर्निश मारले की हवेतली वाफ त्यात अडकून पांढुरके धुके येते. पावसाची उघडीप पाहावी. शेवटच्या वॉर्निशचा पहिला हात कधीही ब्रशने देऊ नये. आधी दुरून दोन विरळ फवारे द्यावेत, शाई अडकू द्यावी, मग पूर्ण हात. आणि त्याच शाईची, त्याच थरावरची एक रेघ टाकाऊ तुकड्यावर आधी काढून तिच्यावर तेच वॉर्निश मारून पाहावे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. हे पुस्तक वाचायच्या आधी तिथे एकदा जाऊन यावे. धावती गाडी हातभर अंतरावरून कशी दिसते, तिच्या अंगावरचे काय टिकते आणि काय विरून जाते, हे तिथे उभे राहून पाहावे. घरी भिंगाखाली आपण ज्या चुकांनी हैराण होतो त्यातल्या निम्म्या तिथून दिसणार नाहीत. ज्या दिसतील त्यांचा उपाय पहिल्या चार प्रकरणांत आहे. त्या प्रकरणांत पेन एकदाही उघडलेले नाही.